नर, माद्या आणि पिल्लं

११ एप्रिल १९९८, शनिवार

सामान लावून झालं. खोली म्हणजे हाज मुफ्ताहच्या घरामागची सुक्या अंजिरांची कोठी. भिंतींना गोडसर आंबूस वास आहे आणि मुंग्या माझ्या आधीपासून राहतात. खिडकीतून अंजिरांची बाग दिसते, तिच्यापलीकडे पांढऱ्या वाळूच्या टेकड्या, मग समुद्र. अलेक्झांड्रियाहून बसने जेमतेम साडेतीन तास, पण आईला वाटतंय मी लिबियातच निघून गेले.

हे शेवटचं वर्ष. प्रबंधाला तीन वर्षं झाली आणि हातात धड एक तक्ता नाही. रिफ्अत सरांनी माझा पहिला विषय काढून दुसऱ्याला दिला तेव्हा मी त्यांच्यासमोर रडले होते. ते म्हणाले, "बाळ, रडून झालं की किनाऱ्यावरच्या सरड्यांकडे बघ. नर कुठे राहतात, माद्या कुठे, पिल्लं कुठे. कोण काय खातं. एवढं नीट केलंस तर पुढचं मी बघतो." पुढचं म्हणजे लेक्चररची जागा. ती एकच आहे आणि मी एकोणतीस वर्षांची आहे.

हाज मुफ्ताह साठीचा असेल. दारात उभा राहून माझ्या पेट्या बघत होता.

"ह्यात काय, पोरी?"

"बाटल्या."

"कशाला?"

"सरडे ठेवायला."

तो आत बघून ओरडला, "सलूमा, ऐकलंस का! शहरात आता सरड्यांचं लोणचं घालतात!"

हाज्जा सलूमा, त्याची बायको, हसली नाही. तिने माझ्यासमोर जवाची भाकरी आणि पांढरं चीज ठेवलं आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली. ह्या दोघांना मूलबाळ नाही.

१५ एप्रिल

एकही हाती लागला नाही. वाळूवरून असे पळतात की सावलीच दिसते, आणि जवळ गेलं की डोकं खुपसून वाळूत गडप. गुडघे सोलले. मुफ्ताह झाडाखाली बसून मजा बघत होता.

"तू त्यांच्या मागे धावतेस. ते तुझ्या घरात राहतात का? तू त्यांच्या घरात आलीस. बस जरा."

बसले. त्याने बोट करून दाखवलं. टेकडीच्या माथ्यावर जी काटेरी झुडपं आहेत, त्यांच्या सावलीत म्हातारे नर. एका झुडपाला एक. दुसरा आला तर चावून हाकलतो. माद्या इकडे, अंजिरांखाली, कारण इथली वाळू खणायला मऊ आणि खाली ओलसर. "आणि पोरं तिकडे," तो म्हणाला, "पाण्याजवळ, उघड्यावर. तिथे ना सावली ना किडे. पण तिथे त्यांना कोणी खायला येत नाही."

"कोण खाणार?"

"कोण म्हणजे? बाप."

हे सगळं मला अजून कुठल्याही निबंधात वाचायला मिळालेलं नाही. रात्री आठवून आठवून लिहून काढलं. त्याचं नाव आभारात टाकता येईल.

२३ एप्रिल

मुफ्ताहची युक्ती लागू पडली. तुपाचे रिकामे डबे तोंडापर्यंत वाळूत पुरले, सकाळी बघितलं तर सहा आत. मापं घेतली, वजनं घेतली. खूण करायची रीत अशी की ठरावीक बोटांची पेरं कापायची; कुठली कापली त्यावरून क्रमांक ओळखता येतो. नखं कापायची कात्री चालते.

पहिल्याला कापताना मी तोंड फिरवलं. सहाव्याला नाही.

हाज्जा सलूमा चहा घेऊन आली होती. बघितलं आणि ग्लास तिथेच वाळूवर ठेवून म्हणाली, "त्याने काय केलं होतं?"

"काही नाही, हाज्जा. ओळखायला."

"आम्ही मेंढ्यांना कानाला रंग लावतो."

मी समजावलं की रंग टिकत नाही, कात टाकतात. ती गेली. चहा गार झाला होता.

९ मे

आज तीन माणसं आली, गाडीतून. एक इंजिनियर आणि दोन मजूर. दिवसभर टेकडीवर लोखंडी खुंट्या ठोकत होते. बागेतही ठोकल्या, चार. मुफ्ताहने त्यांना चहा दिला. ते गेल्यावर माझ्याकडे आला आणि पहिल्यांदाच माझ्या पेटीवर बसला.

"सुट्टीच्या लोकांची वस्ती होणार म्हणे. घरं, पोहायचे तलाव. समुद्राच्या शेजारी पोहायचे तलाव." मग म्हणाला, "जमीन माझी आहे, पोरी. माझ्या आज्याने ही वाळू अडवली, झाडं लावली. पण कागद नाही. आमच्यात कोणाकडेच नाही."

मला त्याचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हणून मी म्हणाले, "हाज, माझे आकडे सरकारकडे जाणार. जिथे इतके प्राणी आहेत, माद्या अंडी घालतात, ती जागा अशी कोणालाही देता येत नाही."

"असं आहे?"

"कायदाच आहे."

तसा कायदा आहे का, मला नक्की माहीत नाही. असावा. बोलून गेल्यावर ते खरंच वाटायला लागलं.

१७ मे

मुफ्ताह पहाटेच डबे तपासून येतो. आज एकोणीस. नर-मादी तोच सांगतो, मी फक्त खात्री करते. नराच्या शेपटीचं बूड जाड, मांडीच्या आतल्या बाजूला मेणाचे ठिपके. आतापर्यंत एकदाही चुकलेला नाही. गावातल्या लोकांना सांगत फिरतो, "डॉक्टरीणबाई माझी बाग वहीत लिहून घेतेय." मला अजून डॉक्टर व्हायचंय म्हटलं तर म्हणतो, "होशील गं. मी आहे ना."

३ जून

वारा. काही नाही.

१२ जून, शुक्रवार

सर आले! कळवून आले होते, तरी मला खरं वाटत नव्हतं. मोठी गाडी, आत गार हवा. कोणीतरी वापरायला दिलीय म्हणाले. गाडीत जो माणूस बसून होता तो मला ओळखीचा वाटला. मग आठवलं, खुंट्या ठोकणारा इंजिनियर. योगायोग. ह्या बाजूला सगळेच एकमेकांना ओळखतात.

मुफ्ताहने मेंढी कापली. सरांना सर्वात चांगला वाटा वाढला, मेंढीचं डोकं मानाचं म्हणून त्यांच्यापुढे ठेवलं. सर जमिनीवर मांडी घालून जेवले, मला अभिमान वाटला. जेवण झाल्यावर त्यांनी माझे नकाशे बघितले. एकेक पान. पहिल्यांदाच त्यांनी माझं एखादं पान दोनदा बघितलं.

"बाळ, हे उत्तम आहे. इतकी दाट वस्ती मी ह्या किनाऱ्यावर बघितली नाही. माद्या सगळ्या ह्या बागेतच?"

"जवळजवळ सगळ्या. अंडी फक्त इथेच."

"फक्त इथेच," ते म्हणाले. चष्मा पुसला. "मग आता पोटं उघड."

मी म्हणाले, सोडून दिलेल्यांची विष्ठा तपासतेय, त्यावरून आहार कळतो.

"तो पोरखेळ झाला. परीक्षक विचारतील, पोटात काय होतं? तू काय सांगशील? सगळे घे. नर, माद्या, पिल्लं. अर्धवट संग्रह म्हणजे अर्धवट प्रबंध. एका जागेची संपूर्ण वस्ती, वयाप्रमाणे, लिंगाप्रमाणे, बाटल्यांत. असा संग्रह देशात नाही. पेट्यांवर तुझं नाव असेल."

माझं नाव.

निघताना मुफ्ताहने सरांचा हात दोन्ही हातांत धरला. "सरकारला सांगाल ना, साहेब?" सर म्हणाले, "जे असेल ते सांगू, हाज."

१६ जून

स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा, वर झाकण. दोन-तीन मिनिटं. मग पोटात सुईने फॉर्मालिन, पाय नीट ताणून टाचणीने बसवायचे, म्हणजे ताठ झाल्यावर मापं घेता येतात. आज बावीस.

मुफ्ताह शेजारी बसून बघत होता.

"पोटुशा पण?"

"सरांना सगळं लागतं."

"मग मागे काय राहणार?"

"आजूबाजूचे येतात, हाज. जागा रिकामी झाली की शेजारचे येऊन राहतात. निसर्ग आहे तो."

"आजूबाजूला माझे अंजीर नाहीत," तो म्हणाला. पण संध्याकाळी स्वतःच आणखी नऊ आणून दिले. म्हणाला, "वहीत नीट लिही. किती होते ते."

२ जुलै

एकशे अठ्ठावीस. सरांना तार केली. हाताची कातडी सोलवटतेय, जेवताना बोटांना फॉर्मालिनचा वास येतो. पोटं उघडायला सुरुवात केली. माद्यांच्या पोटात मुंग्या, वाळवी, थोडा अंजिराचा गर. नरांच्या पोटात मोठे भुंगे. एका नराच्या पोटात गेल्या वर्षीचं पिल्लू निघालं, अख्खं, शेपटीसकट. मुफ्ताह म्हणाला होता तसंच. इतका आनंद झाला की धावत त्याला दाखवायला गेले. त्याने बघितलं आणि म्हणाला, "हो, मला माहीत होतं," आणि झाडांना पाणी घालायला गेला.

माणसाने थोडं कौतुक करावं.

९ जुलै

हाज्जा सलूमा माझ्याबरोबर जेवत नाही. ताट दाराशी ठेवून जाते. आज मीच विचारलं, माझं काही चुकलं का? ती म्हणाली, "तुझ्या त्या मेजावर एकीच्या पोटातून तू अंडी काढून ओळीने मांडली होतीस. पाच. मी दारातून बघितली."

"मापं घ्यायची असतात, हाज्जा."

"ती जिवंत होती गं तेव्हा."

ती जिवंत नव्हती, पाय हलतात मेल्यावरही. मला दिवसभर उन्हात काम, त्यात ही बोलणी. मी म्हणून गेले, "ज्यांना स्वतःला झाली नाहीत त्यांना काय कळणार पोटातल्या अंड्यांचं."

तिने डोक्यावरचं फडकं नीट केलं आणि गेली. कदाचित बोलायला नको होतं. पण सुरुवात तिने केली.

२६ जुलै

पिल्लं! अंजिरांखाली वाळू फोडून वर येतायत. बोटाच्या दोन पेरांएवढी, अंगावर काळे पट्टे, शेपटी निळी. कधी कोणाला न दिसलेली गोष्ट मी बघतेय असं वाटलं. मुफ्ताह मला हाताने खेचून झाडाखाली घेऊन गेला, दोघं पालथे पडून बघत होतो. त्याच्या दाढीला वाळू लागली होती. म्हणाला, "बघ, तू सगळं नेलंस तरी खाली ठेवलं होतं देवाने."

मग म्हणाला, "एक ऐकशील? ह्यांना हात नको लावू. मोज हवं तेवढं. आता सरकारचे पाहणीवाले येतील, त्यांना दाखवायला तरी राहू देत."

मी म्हणाले, बरं.

"शब्द?"

"शब्द."

२९ जुलै

सरांची तार. 'पिल्लांशिवाय संग्रह निरुपयोगी. किमान साठ. जागेची मुलाखत सप्टेंबरात.'

३० जुलै

झोप नाही. दिवसभर नुसती बसून होते. मुफ्ताहला समजावून सांगितलं तर तो समजून घेईल असं आधी वाटलं; पण त्याला विचारलं आणि तो नाही म्हणाला तर? विचारलंच नाही तर निदान त्याला नाही म्हणावं लागणार नाही. साठच काढायची आहेत. पुढच्या वर्षी पुन्हा होतील.

३१ जुलै, शुक्रवार

मुफ्ताह दुपारच्या नमाजाला गावात गेला, जाऊन यायला दीड तास लागतो. तेवढ्यात काम उरकलं. एकसष्ट. पिल्लं अंजिरांच्या सावलीत पाचोळ्याखालीच होती, पकडायला अगदी सोपी, अजून माणसाला भीत नाहीत. काही हातावर चढून बसली.

सलूमा विहिरीपाशी होती. तिने बघितलं. तिने नवऱ्याला सांगितलं की नाही, माहीत नाही. संध्याकाळी मुफ्ताह झाडांखालून काठीने पाचोळा बाजूला करत हिंडत होता. मला म्हणाला, "आज ऊन फार होतं, आत दडून बसलेली दिसतात."

मी म्हणाले, "असेल."

१४ ऑगस्ट, शुक्रवार

पाहणी समिती येऊन गेली. काल आणि आज. सर, मंत्रालयाचे एक साहेब, आणि कंपनीतर्फे तो इंजिनियर. पाहणी दहा वाजता सुरू केली, म्हणजे वाळू तापल्यावर. त्या वेळी असलेही तरी वर येत नाहीत. मी सरांना हळूच सांगितलं. ते म्हणाले, "साहेब लांबून आलेत, त्यांना पहाटे उठवायचं का?"

दोरी लावून टेकडी चाललो, बाग चाललो. दोन दिवसांत चार सरडे. चारही नर.

मी सरांना बाजूला घेतलं. "सर, कमी दिसणारच. तीनशे अकरा तर आपल्याकडे बाटल्यांत आहेत."

"बाळ, तू शास्त्रज्ञ आहेस ना? मग आज डोळ्यांना काय दिसतंय ते लिही."

"पण प्रबंधात—"

"प्रबंध अजून प्रसिद्ध नाही. अप्रसिद्ध आकडे अहवालात घालता येत नाहीत, हे मी तुला शिकवायला हवं?"

नियम खरा आहे. मी विद्यार्थ्यांना हेच शिकवीन.

मग मुफ्ताह पुढे आला. नवीन सदरा घातला होता. मंत्रालयाच्या साहेबांना म्हणाला, "साहेब, ह्या पोरीला विचारा. हिने सगळे मोजलेत. एकेकाची बोटं कापून मोजलेत. हिच्या वहीत आहेत." आणि माझ्याकडे बघून हसला, जसं परीक्षेला बसलेल्या मुलीकडे बघतात.

साहेब म्हणाले, "काय, बाई?"

वही माझ्या पिशवीत होती. सर समुद्राकडे बघत होते.

मी म्हणाले, "माझं काम अजून पूर्ण व्हायचंय."

साहेबांनी मान हलवली आणि कागद पुढे केला. 'महत्त्वाच्या प्राण्यांची वस्ती आढळली नाही.' तीन सह्या होत्या, चौथी माझी, पाहणी सहायक म्हणून. एखाद्या सरकारी कागदावर माझी ही पहिलीच सही.

मुफ्ताहला वाचता येत नाही. त्याने विचारलं, "झालं?" मी म्हणाले, "झालं." तो त्या सगळ्यांसाठी अंजीर तोडायला गेला. चार टोपल्या गाडीत चढवल्या. खोटं कशाला, अंजीर ह्या वर्षी खूप गोड आहेत.

१५ ऑगस्ट

सरांच्याच गाडीने परत आले. पेट्या नीट आल्या, एकही बाटली फुटली नाही. निघताना सलूमा बाहेर आली नाही. मुफ्ताहने रस्त्यापर्यंत पेट्या खांद्यावरून आणल्या. नऊ फेऱ्या.

१७ सप्टेंबर

जागा मला मिळाली.

आईने गल्लीत सरबत वाटलं. सर म्हणाले, "माझा शब्द होता." पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला.

२० ऑक्टोबर, मंगळवार

आज वाईट गोष्ट झाली. तास संपवून आले तर शिपाई म्हणाला, एक बेदुईन म्हातारा सकाळपासून खाली बसलाय, तुमचंच नाव घेतो.

मुफ्ताह होता. केवढा वाळला आहे. मांडीवर टोमॅटोची लाकडी पेटी, वरून काळं फडकं बांधलेलं. मला बघून उठला. "डॉक्टरीणबाई!" एवढ्या मोठ्याने की जिन्यावरची मुलं वळून बघायला लागली. मी त्याला पटकन प्रयोगशाळेत घेतलं.

टेकडी गेली म्हणाला. बाग अर्धी गेली. विहिरीपर्यंत बुलडोझर आलाय. समुद्राकडची चौदा झाडं अजून उभी आहेत, ती रमजानच्या आत काढणार. त्याने कचेरीत अर्ज दिला होता. तिथला कारकून म्हणाला, तुमच्या जागेत काही नव्हतं, अहवाल आहे, खाली अलेक्झांड्रियाच्या बाईंची सही आहे.

"मी म्हणालो, चूक आहे. तिची सही कशी असेल? तिला तर सगळं माहीत."

मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं.

त्याने फडकं सोडलं. आत सरडे होते. जिवंत, सतरा. "पूर्वेच्या खाडीपर्यंत चालत गेलो. दोन दिवस लागले. फसवाफसवी नको म्हणून तुला आधी दाखवायला आणले. हे सोडतो झाडांखाली. त्यांना एकदा परत बोलव मोजायला. आणि तुझी ती वही कारकुनाला दाखव. एवढंच."

"हाज, ते असं होत नाही."

"का गं?"

"वही आता खात्याची आहे."

ती माझ्यासमोरच मेजावर होती. त्याला ती ओळखता येते, चार महिने रोज बघितलीय. त्याने वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग मान खाली घालून फडक्याची गाठ परत बांधायला लागला.

"सलूमाने वाटेसाठी ह्यांना मुंग्या दिल्यात," तो म्हणाला. "कागदात आहेत. दुपारी घालायच्या."

त्याला तसंच पाठवणं बरं दिसेना. म्हणून म्हणाले, "पेटी राहू द्या माझ्याकडे. मी सरांशी बोलते."

त्याचा चेहरा असा उजळला की बघवेना. "बोलशील? मग कधी येऊ न्यायला?"

"गुरुवारी या."

"गुरुवारी. सकाळच्या बसने." जाताना त्याने शिपायाला सांगितलं, ही माझी मुलगीच आहे.

संध्याकाळी सरांना सांगितलं. ते आधी चिडले, मग पेटीत डोकावले आणि म्हणाले, "पूर्वेच्या खाडीवरचे? पण हे तर तुला तुलनेला दुसरं ठिकाण आयतं मिळालं! परीक्षक नेमकं हेच विचारतील." मला हे सुचलं कसं नाही.

तेव्हाच बसून काम संपवलं. नर सहा, माद्या सात, पिल्लं चार. पोटं उद्या उघडीन. मुंग्या खाल्लेल्या नाहीत, त्यामुळे आहाराच्या नोंदीत गोंधळ होणार नाही.

गुरुवारी मी सरांबरोबर कैरोला आहे. शिपायाला सांगून ठेवलंय, पेटी आणि फडकं परत दे म्हणून.